तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली एअर रायफल आणि ते तेल

"पहिली ब्रेक-बॅरल कोणती घेऊ?" हा एक प्रश्न. (ब्रेक-बॅरल म्हणजे बिजागरीवर नळी खाली दुमडून आतली स्प्रिंग दाबायची आणि छर्रा घालायचा ती एअर रायफल; या दुमडण्यालाच आम्ही 'नळी मोडणं' म्हणतो.) त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्याच माणसाची तक्रार: "सुरुवातीला छान चालत होती हो, आता नेमच धरत नाही." पहिल्याचं उत्तर ऐकून घेतलं असतं तर दुसऱ्याची वेळच आली नसती, असं म्हणायचा मोह होतो. ते पूर्ण खरं नाही. त्या तक्रारीतला निम्मा वाटा आमच्यासारख्या सल्ला देणाऱ्यांचाही आहे, त्याबद्दल पुढे.

कोणती घ्यायची? कमी ताकदीची. इथेच चेहरे पडतात. खोक्यावरचा वेगाचा मोठा आकडा वाचून आलेल्या माणसाला ही थट्टा वाटते. तो आकडा बहुतेक वेळा अगदी हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यावर मोजलेला असतो. शिशाचा नेहमीचा छर्रा घातला की तो बराच खाली येतो, आणि ते बरंच आहे. छर्रा आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण 340 मीटरच्या आसपास गेला की हेलकावतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटरने निघाला तर ऊर्जा 10 ज्यूल होते. कागदावर नेम शिकायला एवढी पुरून उरते. 4.5 मिमीची नळी, तीन-सव्वातीन किलो वजन, आणि नळी मोडायला दहा-बारा किलोचा जोर. मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या रायफलीला हाच जोर वीस किलोच्या वर जातो. शंभर छर्रे मारायचे म्हणजे शंभर वेळा नळी मोडायची. तिसाव्याला हात थरथरतो आणि मग लोक स्कोपला, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला, दोष देतात.

घेताना दोन गोष्टी बघा. नळी बंद असताना तिला डावी-उजवीकडे हलवून पाहा. बिजागरीत खेळ जाणवला तर ती रायफल ठेवून द्या, कारण दर वेळी नळी वेगळ्या जागी बसेल. मग नळीच्या तोंडाची कड नखाने चाचपा. तिथे खाच पडलेली नको. ट्रिगर, लाकूड, रंग हे सगळं त्यानंतर.

आता ते तेल.

रायफल नवी असते. माहितीपत्रकात कुठेतरी 'तेल द्यावे' असं लिहिलेलं असतं, कुठे द्यावं ते कोणी नीट वाचत नाही. घरात शिवणयंत्राचं तेल असतंच. नळी मोडली की मागे, पिस्टनच्या सिलेंडरच्या तोंडाशी एक बारीक भोक दिसतं. त्यात तीन-चार थेंब सोडले जातात. पुढचा बार फटाक्यासारखा वाजतो. नळीतून निळसर धूर, जळका वास. छर्रा नेहमीपेक्षा वर लागतो. मालक खूश, "ताकद वाढली!"

ताकद वाढत नाही, आत स्फोट होतो. स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा क्षणात दाबली जाते आणि दाबली गेलेली हवा भयंकर तापते. डिझेल इंजिनात इंधन पेटतं ते याच तत्त्वावर, म्हणून या प्रकाराला डिझेलिंग म्हणतात. खनिज तेल तिथे असलं की पेटतं. दाब अचानक चढतो, पुढे निघालेला पिस्टन मागे फेकला जातो, स्प्रिंगवर आदळतो, पुन्हा पुढे येतो. हे सगळं छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत. चार-दोन बारांत पिस्टनच्या टोकावरच्या, हवा अडवणाऱ्या सीलची कड करपते. मग स्प्रिंग वाकते किंवा तिचा एखादा वेढा तुटतो. तेल जळून संपलं की धूर थांबतो, आणि आता ताकद आधीपेक्षाही कमी झालेली असते. नळी मोडताना आत करकर, बार केल्यावर टणकन घुमणारा आवाज. मग मालक काय करतो? ताकद कमी झाली म्हणून आणखी तेल घालतो.

इथून परतीचा रस्ता एकच, सील आणि स्प्रिंग बदलणे. तेही घरी पाना घेऊन नाही. रायफल कॉक केलेली (नळी मोडून बारासाठी तयार केलेली) नसतानाही आतली स्प्रिंग काही सेंटिमीटर दाबूनच बसवलेली असते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसरशिवाय मागची पिन काढली की टोपण थेट तोंडावर येतं.

"मग तेल घालूच नको का?" असं तावातावाने विचारणारे भेटतात. मी तसं म्हटलेलं नाही. नव्या रायफलीत कारखान्यातल्या वंगणाचा थोडा धूर पहिल्या काही डझन बारांना येणारच, त्याला घाबरू नका. सील चामड्याचं असेल तर ते सुकतं, त्याला अधूनमधून सिलिकॉन तेलाचे थेंब लागतात. सिंथेटिक सीलला जवळपास काहीच लागत नाही. बार करताना कर्कश चिरका आवाज आला तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब, आणि रायफल तासभर उभी ठेवा. तेच सिलिकॉन बिजागरीला मात्र लावू नका, धातूवर धातू घासतो तिथे ते टिकत नाही. तिथे मोलिब्डेनमचं ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं.

आमचा वाटा म्हणालो तो हा. 'रायफल खांद्याशी घट्ट दाबून धरा' हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. स्प्रिंगच्या रायफलीला ते चूक आहे. ती आधी मागे धक्का देते, मग पिस्टन थांबताना पुढे, आणि छर्रा तेव्हा अजून नळीतच असतो. दर वेळी धक्का सारखाच घडू द्यायचा तर दस्ता डाव्या तळव्यावर नुसता टेकवायचा, बोटांनी आवळायचा नाही. टेबलावर टेकवून मारली तर छर्रा आणखी भलतीकडे जातो. हाच दुहेरी धक्का साधा स्कोप खिळखिळा करतो, म्हणून स्कोप एअर रायफलीसाठीचाच हवा. दुसरं, 'दर शंभर छऱ्यांनी नळी साफ करा.' हेही मागे घेतो. नवी असताना एकदा कोरड्या चिंधीने कारखान्याचं तेल पुसा, चिंधी मागून तोंडाकडे ओढा. नंतर नेम खरोखर फाकला तरच.

तो फाकण्याचं कारण दहांत सात वेळा (माझा अंदाज, मोजलेलं नाही) स्क्रू असतं. दस्त्याच्या पुढचे दोन आणि ट्रिगरगार्डचा एक. थरथरीने ते सुटतात. प्रत्येक बैठकीआधी तपासा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. तरीही ताकद कमी वाटली तर नळीच्या मागच्या ओ-रिंगवर (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावर), सांध्यापाशी, टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि छर्रा घालून बार करा. पट्टी उडाली तर हवा तिथून गळते आहे. ओ-रिंग बदला.

छर्रा घालून, हे मुद्दाम म्हटलं. रिकामा बार केला तर पिस्टनसमोर हवेची गादी राहत नाही आणि तो सिलेंडरच्या टोकावर आपटतो. फार हलका छर्राही तेच करतो. 4.5 मिमीला साडेसात ते साडेआठ ग्रेनपासून (साधारण अर्धा ग्रॅम) सुरुवात करा, चार प्रकार आणून दहा मीटरवरून प्रत्येकी पाच मारा, रायफल स्वतःच निवडेल. आणि छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवा. खटका निसटला तर नळी वर उसळते, बोट तिथेच असतं. उघड्या नळीवर ट्रिगर दाबला गेला तर नळी वाकते, दस्ताही चिरतो.

राहिलं स्प्रिंग की गॅस, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाबलेल्या गॅसचं नळकांडं असलेली. आधी मी ठामपणे स्प्रिंग म्हणायचो, कारण ती बदलता येते; गॅसचं नळकांडं गळलं की अख्खं बदलावं लागतं. पण गॅसवाली कमी थरथरते, टणटणत नाही, कॉक करून राहिली तरी तिचा जोर कमी होत नाही, जरी भरलेली रायफल तशी ठेवणं हा मूर्खपणाच. सध्या नवख्याला स्प्रिंगच सांगतो. पुढच्या वर्षी विचाराल तेव्हा हेच सांगेन याची खात्री नाही.