चौकटीबाहेरचा हात

गेल्या डिसेंबरात नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती, म्हणून तीन आठवड्यांची रजा काढून मी जर्मनीतल्या लेव्हरकुसेनहून ठाण्याला आले. ठाण्यात सध्या ज्या घरी जावे त्या घरी हाच विषय निघतो: भाडे किती मिळणार, नव्या घराचे क्षेत्रफळ किती, तोवर सामान कुठे ठेवायचे. आमच्याकडे सामानाचा प्रश्न दोनच दिवसांत सुटला, कारण पितळेची भांडी कोणाकडे आणि शिसवी कपाट कोणाकडे, हे आजीने ती असतानाच ठरवून ठेवले होते. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक मात्र कोणाच्याही यादीत नव्हती. तिच्यात तीन अल्बम, बिस्किटांच्या डब्यात कोंबलेले सुटे फोटो आणि भिंतीवरून कधीकाळी उतरवलेल्या सात तसबिरी निघाल्या. बाबा म्हणाले, "तूच घेऊन जा. भाड्याच्या जागेत दोन पावसाळे काढले, तर यातलं काही उरायचं नाही."

मी ते सगळे आजीच्या जुन्या सुती पातळात गुंडाळले. वर्तमानपत्रात मुद्दामच बांधले नाही, कारण त्या कागदातल्या आम्लाने फोटो पिवळे पडतात. तसबिरी हातातल्या सामानात घेतल्या आणि विमानात संपूर्ण प्रवासभर पायांशी ठेवल्या.

ज्या गावात मी गेली सहा वर्षे राहते आहे, त्या गावाचा आणि आमच्या ट्रंकेचा काही संबंध असेल, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. साठच्या दशकातल्या अल्बममधले सव्वादोन इंची चौकोनी फोटो सोडवून मी पालथे केले, तेव्हा कित्येकांच्या पाठीवर फिकट अक्षरांत 'अ‍ॅग्फा' असे छापलेले दिसले. आजोबांकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. मध्यमवर्गीय माणसाला परवडणारा तो साधा कॅमेरा, एका रोलात बारा फोटो, ऊन आहे की ढग आहेत एवढे पाहून खूण फिरवायची आणि खटका दाबायचा. अ‍ॅग्फाचा फोटोचा कागद लेव्हरकुसेनमध्ये तयार होत असे. माझ्या शेजारी राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनी त्या कारखान्यात उमेदीची वर्षे काढली होती. २००५ साली अ‍ॅग्फाफोटो दिवाळखोरीत निघाली, त्याच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले होते. त्यांना मी ते फोटो दाखवले, तेव्हा त्यांनी चित्राकडे पाहिलेच नाही. आधी कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला, फोटो उजेडात तिरपा धरला आणि मग सांगू लागले, की त्या विभागात सगळे काम जवळजवळ अंधारातच चाले आणि पाळी संपवून बाहेर आल्यावर थोडा वेळ डोळे उघडवत नसत. त्यानंतर फोटो सुलटा करून त्यांनी विचारले, "हे तळे कुठले?" मासुंदा तलावाच्या काठी, पाठीमागे कौपिनेश्वराचे देऊळ आणि पुढे चार वर्षांचे बाबा, असा तो फोटो होता. ठाण्याला लोक याला तलावपाळी म्हणतात, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

फोटो आधी पालथा घालून पाहावा, हे मी त्या दिवशी शिकले. पाठीवरच्या खुणा चेहऱ्यांपेक्षा अधिक नेमके बोलतात. एका फोटोवर स्टुडिओचा शिक्का होता आणि त्यात 'ठाणे ४०० ६०२' असे लिहिलेले होते. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामुळे जो फोटो सगळे जण काकांच्या १९७० सालच्या साखरपुड्याचा समजत होते, तो त्या साखरपुड्याचा असूच शकत नव्हता. तो निघाला धाकट्या काकांच्या साखरपुड्याचा, आणि मग दोन्ही भाऊ तरुणपणी किती सारखे दिसत होते, यावर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दिवसभर चर्चा झाली. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो सगळेच तांबूस झाले आहेत, कारण त्या काळच्या कागदावरचा निळसर रंग आधी उडतो. त्याउलट त्यांच्या आधीचे चांदीचे कृष्णधवल फोटो अजून खणखणीत आहेत.

माझ्या हातून एक नुकसानही झाले, आणि ते मला अजून बोचते. चिकट पाने आणि त्यांवर पारदर्शक प्लास्टिक, अशा अल्बममधून बाबांचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो मी नखाने उचलायला गेले आणि त्याचा खालचा कोपरा सोलून पानावरच राहिला. फोटोच्या मागून डेंटल फ्लॉसचा दोरा हलके हलके करवतीसारखा सरकवला की तो सुटतो, हे मला नंतर कळले. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो तर ठाण्याच्या दमट हवेने थेट काचेलाच चिकटला आहे. तो मी सोडवणार नाही, काचेसकट स्कॅन केला आणि तसाच ठेवला. तुमच्याही घरी असा एखादा असेल तर कृपा करून ओढू नका, कारण फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेबरोबर निघून येतो.

आता ज्या फोटोसाठी हे सगळे लिहायला बसले, त्याकडे येते.

आमच्या बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर, आजोबांच्या मुंजीचा फोटो होता. वाड्याचे अंगण, मागे चार जण उभे, पुढे पाटांवर तिघे बसलेले आणि त्यांच्या उजव्या टोकाला गोटा केलेला, लंगोटी नेसलेला, हातात दंड घेतलेला आठ वर्षांचा बटू. बटूचा डावा हात बाजूला लांब झालेला असून मनगटाच्या पुढे तो काचेच्या आतल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली नाहीसा होतो. लहानपणी आम्ही भावंडे ठासून सांगत असू, की तिकडे लाडवांचे ताट असणार. आजोबा त्यावर काही बोलत नसत. दर दसऱ्याला ती तसबीर ते स्वतः उतरवत आणि काच पुसून पुन्हा टांगत, हे काम त्यांनी कधी कोणाला करू दिले नाही. ते गेल्यावर घराला रंग काढला, तेव्हा उतरलेली तसबीर पुन्हा भिंतीवर चढलीच नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी तसबिरीच्या मागचे खिळे काढून मी फळी उचलली. फोटोच्या पाठीवर मोडीत लिहिलेल्या तीन ओळी होत्या. मोडी मला येत नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिला टांगल्यासारखी अक्षरे हात न उचलता लिहीत जायचे, ऱ्हस्वदीर्घ पाहायचे नाही, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, अशी ती लिपी असल्यामुळे नवख्याला शब्द कुठे संपतो हेही कळत नाही. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे बाबा जुने सभासद आहेत, तिथे त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात. मी पाठीचा फोटो पाठवला आणि दोन दिवसांनी त्यांच्या वळणदार अक्षरात उतरवलेले वाचन आले: 'चि. बाळाची मुंज, ठाणे, खारकर आळी, शके १८५४ चैत्र.' शकात ७८ मिळवले की १९३२ येते, आणि आजोबांचा जन्म १९२४ चा, म्हणजे वय बरोबर आठ. पुढे 'डावीकडून' असे म्हणून नावे होती. मी ती एकेक करून चेहऱ्यांवर लावत गेले. माणसे आठ होती आणि नावे नऊ. बटूच्या नावानंतर शेवटचा शब्द होता, 'आक्का'.

मग मी पुढच्या बाजूची पुठ्ठ्याची चौकट सोडवायला घेतली. कागदी पट्टीने ती तीन बाजूंना चिकटवलेली होती आणि ती पट्टी ओलसर कापसाने मऊ करून सुटायला तासभर लागला. चौकटीची कड जिथे टेकली होती, तिथे फोटोवर तपकिरी रेघ उमटली आहे. त्या रेघेच्या आत, जिथे इतकी वर्षे घरचे सगळे बघत आले, तिथे फोटो पिवळसर झालेला आहे, आणि रेघेच्या पलीकडे, उजवीकडच्या दीड इंचात, तो काल छापल्यासारखा गडद आहे. त्या दीड इंचात ओसरीच्या पायरीवर एक बाई बसली आहे. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात बांगडी नाही. नेसलेले आलवण, म्हणजे विधवेचे लाल लुगडे, जवळजवळ काळे आले आहे, कारण त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत, त्यांतल्या बहुतेक काचांवर लाल रंग उमटतच नसे. अंगणातल्या सावलीत फोटोग्राफरने भिंग बराच वेळ उघडे ठेवले असणार आणि नेमकी तेव्हा तिने मान वळवून मुलाकडे पाहिले असणार, कारण तिचा चेहरा हलला आहे. हात मात्र हललेला नाही. बटूने तिची दोन बोटे मुठीत घट्ट धरली आहेत आणि त्या मुठीवरच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतात.

आजोबांच्या सगळ्यांत धाकट्या बहिणीला आम्ही आत्याआजी म्हणतो. ती एक्याण्णव वर्षांची असून वाशीला मुलाकडे राहते, आणि आमच्या घराण्यात ते जुने चेहरे ओळखणारे ते एकटेच माणूस उरले आहे. रविवारी इथे दुपारचे बारा वाजले की तिथे साडेचार, तिच्या चहाची वेळ. मी फोटो मोठा करून दाखवला. बराच वेळ ती काही बोलली नाही, म्हणून मला वाटले की आवाज गेला.

मग म्हणाली, "अगं, ही आक्का. बसण्याची ढबच सांगते."

आक्का म्हणजे माझ्या पणजोबांची थोरली बहीण. "नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी सगळं संपलं. मग जन्मभर भावाच्या घरी. दादा तिच्याच हातचा गं, आई सतत आजारी असायची." मध्येच चहा निवला म्हणून तिने सुनेला हाक मारली, आणि तो पुन्हा गरम होऊन येईपर्यंत एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी कोणीच ऐकलेली नव्हती. आक्काला हिंगण्याला जायचे होते. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी १८९६ साली सुरू केलेल्या संस्थेचा आश्रम हिंगण्याला गेला, तेव्हा आक्का पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिथे बायका लिहायला-वाचायला शिकतात, एवढे तिच्या कानावर आले होते. घरातून परवानगी मिळाली नाही. तरीही आजोबा शाळेचा धडा मोठ्याने म्हणत तेव्हा ती निवडणे घेऊन शेजारी बसे, आणि त्यांच्याबरोबर तिने बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरे शिकून घेतली.

मी विचारले, "मग तिला झाकलं कोणी? पणजोबांनी?" माझ्या आवाजात राग होता आणि तो तिला ऐकू गेला असावा.

"बापूंनी नाही. तिनेच." खारकर आळीतला वाडा सोडून नौपाड्यात बिऱ्हाड केले, त्या १९४२ साली फोटो तसबिरीत घालायला दिला. आत्याआजी तेव्हा आठ वर्षांची, आजोबांबरोबर दुकानात गेलेली. आक्काने निघताना बजावले होते, की शुभकार्याच्या फोटोत माझे काय काम, तेवढा तुकडा कापून टाका. "दुकानदाराने पातं काढलंसुद्धा. दादाने त्याचा हात धरला. म्हणाला, कापायचं नाही. झाकायचं तर झाका."

आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्या मुंजीत विधवेने बटूच्या अंगाला अंग लावून बसणे किती जणांच्या कपाळावर आठ्या आणणारे ठरले असेल, आणि तरी कोणीतरी तिचे नाव मागे मोडीत लिहून ठेवले, याचाही विचार मी करत राहते. कापून टाका असे आक्का स्वतःच म्हणाली, याने माझा राग गेला नाही. अकराव्या वर्षापासून जिला मागच्या दाराने वावरायला शिकवले, तिला स्वतःहून बाजूला होण्यावाचून दुसरे काय सुचणार होते? पण आजोबा दर दसऱ्याला कोणाची काच पुसत होते, हे मात्र आता मला कळले आहे.

नवी चौकट मी इथे आम्लविरहित पुठ्ठ्याची करून घेतली आणि तिची मापे अशी दिली, की फोटोची चारही टोके दिसावीत. एक प्रत वाशीला गेली, एक बाबांकडे. मूळ फोटो लावण्याआधी त्याच्या पाठीवर, मोडीच्या खाली थोडी जागा सोडून, मऊ पेन्सिलीने मी नऊ जणांची नावे आणि नाती बाळबोधीत लिहिली. शाई मुद्दाम वापरली नाही, ती आरपार उतरते. आक्काचे माहेरचे नाव आत्याआजीला तिसऱ्या रविवारी आठवले, तेही त्यात आहे.

अजून बिस्किटांचा डबा तसाच आहे. गेल्या रविवारी पहिला फोटो काढून कॅमेऱ्यापुढे धरला. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, गोल टेबलावर फुलदाणी आणि शेजारी उभा एक फेटेवाला, मिशा वळवलेला. मी विचारले, "आत्याआजी, हे कोण गं?"

"थांब," ती म्हणाली, "जवळचा चष्मा घेऊन येते."