मंडळीसाठी गाव बदललं, पण दाखला मागेच राहिला होता

आम्ही या गावात राहायला आलो त्याला परवा चौदा महिने झाले. बदली झाली नव्हती, मुलांच्या शाळेचंही कारण नव्हतं, आम्ही फक्त मंडळीसाठी, म्हणजे इथल्या चर्चच्या लोकांसाठी आलो. हे सांगितलं की लोक जरा गप्पच होतात, कारण चर्च तर सगळीकडे असतं, त्यासाठी कोणी घर उचलतं का. एका मैत्रिणीमुळे आम्ही दोन वर्षं सुट्टीत इथे यायचो आणि परत जाताना दर वेळी मी रडायचे. इथे उपासना संपली की लोक लगेच पांगत नाहीत. कोणी आजारी असलं तर त्याचं नाव प्रार्थनेत येतंच, पण बाहेर पडता पडता आज त्याच्याकडे कोण जातंय, रात्री सोबतीला कोण थांबतंय हेसुद्धा ठरतं. मला तेच हवं होतं, खूप हवं होतं, आणि का हवं होतं ते पुढे येईलच.

यायच्या आधी आम्ही डोळे मिटून उडी मारली नाही हे मुद्दाम सांगते, कारण असा विचार करणारे अजून कोणी वाचत असतील. नुसता रविवार बघून काही ठरवू नका, रविवारी सगळेच छान असतात. आठवड्यातल्या संगतीला, म्हणजे छोट्या गटाच्या बैठकीला बसा, प्रार्थनासभेला जा, दानाचा हिशोब सभासदांसमोर मांडतात का ते विचारा, पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं चुकलं तर त्यांना कोण बोलू शकतं हेही विचारा, आणि विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा. जिथे सांगतात की आता आईवडिलांशी, जुन्या मित्रांशी संबंध तोडा, तिथून सरळ निघून या, मग तिथली गाणी कितीही गोड असोत. आम्ही हे सगळं विचारलं, उत्तरं मोकळेपणाने मिळाली, मग माझ्या नवऱ्याने इथे काम शोधलं आणि आम्ही आलो.

आणि पहिले तीन महिने मी फार एकटी पडले. कोणी वाईट वागलं नाही, उलट सामान उतरवायला अकरा जण आले होते. पण पाहुणी म्हणून येणं वेगळं आणि राहायला येणं वेगळं. पाहुणीला सगळे वेळ देतात, राहायला आलेल्या बाईला मात्र आपापल्या कामातून जमेल तसा देतात, आणि ते बरोबरच आहे, फक्त मला ते माहीत नव्हतं. त्यात मंडळीत वाद सुरू होता, सकाळची उपासना दोन वेळेला करायची की एकच ठेवायची यावर, आणि सभेत आवाज इतके चढले की मी नवऱ्याला म्हटलं, यासाठी आलो का आपण इथवर.

तेव्हा संगतीतल्या एका ताईंनी मला जर्मनीतल्या हेर्नहूट या वस्तीची गोष्ट सांगितली. १७२२ मध्ये मोरावियातून, म्हणजे आजच्या चेक देशातल्या भागातून, छळामुळे पळालेले विश्वासी सॅक्सनीत काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर येऊन वसले. सगळे ख्रिस्तासाठी घरदार सोडून आलेले, तरी पाच वर्षांत आपसांत इतकं फाटलं की वस्ती मोडते की काय असं झालं. मग झिंझेनडॉर्फ घरोघर जाऊन लोकांशी बोलला, १७२७ च्या मे महिन्यात एकत्र कसं राहायचं याचा करार झाला, आणि १३ ऑगस्टला प्रभुभोजनाच्या वेळी त्यांची मनं खऱ्या अर्थाने जुळली. त्याच महिन्यात आळीपाळीने अखंड प्रार्थना सुरू झाली ती शंभर वर्षांहून जास्त चालली. ताई एवढंच म्हणाल्या, अगं ती प्रार्थना भांडलेल्याच लोकांनी केली ना. त्या दिवसानंतर मी सभेत घाबरून बसायचं बंद केलं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती पाळकसाहेबांनी बरोबर पकडली. सभासद होण्यासाठी आम्ही अर्ज दिला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "आधीच्या मंडळीचा दाखला आणलाय ना?"

दाखला म्हणजे जुन्या मंडळीने नव्या मंडळीला दिलेलं ओळखीचं पत्र. नव्हता आणला. मागायलाच गेलो नव्हतो. माझे वडील शेवटच्या आजारात पाच आठवडे अंथरुणाला खिळून होते, आणि जिथे मी लहानाची मोठी झाले त्या मंडळीतून एकदाही कोणी घरी आलं नाही. मी ते कोणाला बोलून दाखवलं नाही. फक्त आतून तुटले. निघायच्या रविवारी आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि शेवटचं गीत चालू असतानाच बाहेर पडलो, कोणाचा निरोप नाही, काही नाही. हे सगळं मी पाळकसाहेबांना सांगितलं, आणि मला वाटलं आता ते म्हणतील, जाऊ दे, आम्ही आहोत ना.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडला. फीबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका, आणि प्रेषित पौल रोममधल्या लोकांना लिहितो की हिचा प्रभूमध्ये स्वीकार करा, हिला लागेल ती मदत करा, हिने पुष्कळांना मदत केलीय, मलाही केलीय. मग पुढच्याच ओळींत प्रिस्का आणि अक्विला येतात, ज्यांना रोमी सम्राट क्लौद्याच्या हुकमामुळे रोम सोडावं लागलं, जे करिंथात तंबू शिवत होते, मग इफिसात गेले, परत रोमला आले, आणि जातील तिथे त्यांच्या घरात मंडळी जमायची. इतकी गावं बदलली पण मागच्यांशी नातं तुटलेलं दिसत नाही. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हाला आम्ही आजही घेऊ. पण तुम्ही तिथून निघालात की तिथून पाठवल्या गेलात, हा फरक आयुष्यभर राहतो. एकदा बोलून बघा."

मला राग आला. घरी येऊन नवऱ्यावरही चिडले. पुढे मी वाचलं की संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी नियम लिहिले त्यातही असंच आहे, ओळखीच्या मठातून आलेल्या संन्याशाला तिथल्या प्रमुखाच्या संमतीशिवाय किंवा पत्राशिवाय ठेवून घ्यायचं नाही. म्हणजे ही कागदपत्रांची हौस नाही, इतक्या जुन्या काळापासून लोकांना कळलेलं होतं की माणूस मागचं दुखणं सोबत घेऊन येतो.

फोन करायला मला नऊ दिवस लागले. आमच्या जुन्या पाळकांना मी पहिल्यांदाच सरळ सांगितलं की बाबांच्या वेळी तुम्ही कोणी आला नाहीत. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "बाळ, मला कोणी कळवलंच नव्हतं असं मी म्हणू शकतो, पण मी विचारलंही नव्हतं. माझं चुकलं." आणि ते रडले, मीही रडले. आपण कोणाला सांगितलंच नव्हतं, हे तोवर माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी दाखला आला. नेहमीचा छापील नमुना, बाप्तिस्म्याची तारीख, सभासद म्हणून किती वर्षं, आणि खाली मोकळ्या जागेत त्यांच्या हातचं लिहिलेलं. इथे उपासनेत तो मोठ्याने वाचला, आम्ही दोघं पुढे उभे होतो. त्यात होतं की ही आमच्या रविवार शाळेत शिकवायची, मुलांना हिची सवय होती, आम्ही हिच्या दुःखात कमी पडलो, तुम्ही पडू नका. आणि शेवटी, हिला अंधारात एकटीने गाडी चालवायची भीती वाटते, पण ही स्वतःहून कधी सांगणार नाही, तर संध्याकाळच्या सभेला कोणीतरी सोबत द्या.

हे त्यांना माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

त्या बुधवारी साडेसहाला दाराची बेल वाजली. हेर्नहूटवाल्या ताई आणि त्यांचे यजमान, गाडी चालूच ठेवून.