सोप्या वाटेवरची रांग

आमच्या डिचोलीकडचा जांभा ठिसूळ, म्हणून हिवाळ्यात आम्ही कडे चढायला बदामीचा लाल वालुकाश्म गाठतो. गेल्या खेपेला तिथल्या एका सोप्या वाटेवर कुणाचा तरी टॉप-रोप (वरच्या टोकाला अडकवून खाली सोडलेला चढाईचा दोर) सकाळपासून लटकत होता आणि माणसं सावलीत डबा खात होती. आमची दोन मुलं कमरेला हार्नेस (दोर बांधायचा पट्टा) घालून तासभर ताटकळली. मला फार लागलं ते.

काल निघण्यापूर्वी मुलांना अंगणात बसवून सांगितलं: जेवायला बसलात तर दोर काढा, नाहीतर थांबलेल्यांना म्हणा, "आमच्याच दोरावर चढा." वरच्या अँकरला, म्हणजे खडकात पक्क्या बसवलेल्या रिंगांना, आपले कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) लावून त्यांतून दोर घ्या, सगळ्यांचे दोर घासून तिथल्या रिंगा झिजतात. शेवटच्यानेच रिंगांमधून दोर ओवून उतरायचं. आणि पाऊस पडून गेला असेल तर हात लावू नका. ओला वालुकाश्म कमकुवत होतो, पकड तुटते.