निसर्ग वादळात होडी नांगरली तेव्हा

माझी होडी वीस फुटांची, फायबरची. हंगामात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला आणि एरवी घरापुरती मासळी मारायला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि होडी दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत नुसती उभी राहिली. दरवर्षी मे अखेरीस आठ-दहा माणसं लावून ती वर ओढायची, शाकारायची. त्या वर्षी माणसं गोळा करणंच अवघड, म्हणून ‘बघू, बघू’ करत राहिलो. १ जूनला टीव्हीवर अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी होती. २ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नावही मिळालं, निसर्ग. आता जो तो आपापली कौलं आणि गुरं सांभाळायच्या गडबडीत. होडी ओढायला कुणाला बोलावणार?

वाडीतले आबा जन्मभर तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख होते. त्यांच्याकडे गेलो.

“दोर किती आहे?”

“साठ फूट.”

“पाणी किती?”

“पाच फूट असेल.”

“ओहोटीचं सांगतोयस. भरतीचं सांग.”

मग ओट्यावर बसून हिशोब झाला. ५ जूनला वटपौर्णिमा, म्हणजे पाणी उधाणाचं. ओहोटीचे पाच फूट, त्यावर भरतीचे आठ. वादळाने पाणी आणखी चढणार. रत्नागिरी जिल्ह्यासाठी हवामान खात्याने अर्धा ते एक मीटर सांगितलं होतं, ते तीन फूट धरले. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून दोन फूट वर, तेही धरायचे, कारण दोर तिथून सुटतो. झाले अठरा फूट. एरवी या उंचीच्या पाचपट दोर सोडला तरी चालतो, वादळात निदान सातपट हवा, म्हणजे सव्वाशे फूट. माझ्याकडे त्याच्या निम्माही नव्हता, आणि एवढे दिवस मी वजनदार नांगर आहे म्हणून निर्धास्त होतो!

दोर आखूड असला की लाटेसरशी नाळ उचलली जाते आणि नांगर मुळ्यासारखा उपटला जातो. लांब असला की ओढ तळाला आडवी लागते, आणि पाती जितकी ओढावी तितकी आत रुतते. वजनाचा मान त्यानंतरचा.

दोर एका ट्रॉलरवाल्या मित्राकडून मिळाला, नायलॉनचा, तीन पेडांचा. माझा पिवळा प्लास्टिकचा दोर आबांनी बाजूलाच टाकला. तो पाण्यावर तरंगतो आणि फारसा ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्येक हिसका थेट होडीवरच्या, दोर बांधायच्या खुंट्यावर येतो. नायलॉन ताणला जातो आणि हिसका गिळतो. नांगर दोन घेतले. एक माझा, चार आकड्यांचा, लोहाराकडून करून घेतलेला. खडकात मस्त अडकतो, पण चिखलातून फणीसारखा सरकत जातो. दुसरा त्याच मित्राचा, दोन रुंद पात्यांचा. खाडीच्या गाळात तोच कामाचा. त्याला वीस फूट साखळी जोडली, जोडकडीची, म्हणजे शॅकलची, पिन तारेने बांधून टाकली.

आबांनी आणखी एक वस्तू मागितली: जुन्या जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड. आई म्हणाली, “जातं कशाला? वादळाला पीठ दळून घालणार का?” तळीला मधोमध भोक असतं, तेच हवं होतं. साखळी संपून दोर सुरू होतो तिथे ती बांधली. वजनाने दोर तळाशी दबून राहतो, ओढ आडवी राहते, आणि हिसका आला तर आधी तळी उचलली जाते, मग नांगरापर्यंत पोचतो.

२ तारखेला दुपारी भरतीबरोबर होडी खाडीत आत नेली. खाडीच्या मुखाजवळ थांबायचा प्रश्नच नव्हता, तिथे गाळ साचलेला असतो आणि त्यावर लाटा फुटतात. आतल्या वळणावर, इतर होड्यांपासून लांब जागा निवडली. लांब दोर म्हणजे होडी फिरणार तो घेरही मोठा, हे बरेच जण विसरतात आणि मग रात्री शेजारच्या होडीला धडका बसतात.

मी दोन्ही नांगर नैर्ऋत्येकडे टाकायला निघालो होतो. पाऊस तिकडून येतो, वादळही तिकडून येणार, एवढंच माझं डोकं. आबांनी हात धरला. २००९ साली फयान वादळ आलं तेव्हा ते समुद्रात होते. म्हणाले, “पहिला वारा जमिनीवरून येतो. मग फिरत फिरत दक्षिणेला, आणि शेवटी पश्चिमेकडून दणका देतो.” आपल्याकडच्या चक्रीवादळात वारा मध्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. मध्य आपल्या उत्तरेकडून ईशान्येला जाणार असेल, तर आपल्याला वारा आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य, पश्चिम असा क्रमाने लागतो. आबांना नकाशा माहीत नव्हता, क्रम पाठ होता. म्हणून पात्यांचा नांगर पश्चिम-नैर्ऋत्येकडे आणि आकड्यांचा आग्नेयेकडे, असं ठरलं.

नांगर भिरकावायचा नाही, हातोहात सोडायचा. तळाला टेकला की होडी मागे जाऊ द्यायची, दोर हळूहळू सोडायचा, आणि शेवटी इंजिन रिव्हर्सला टाकून ओढ द्यायची. किनाऱ्यावरचा एक वाकडा माड आणि मागच्या घराचा कोपरा एका रेषेत धरला होता. पहिल्या खेपेला ती रेष फुटली, दोराला हात लावला तर बोटांना थरथर जाणवली. नांगर गाळातून सरकत होता. वर काढला, पात्यांत चिखलाचा गोळा आणि एक फाटकं जाळं. धुऊन पुन्हा सोडला. या वेळी दोर ताठ झाला, थरथर नाही, माड जागच्या जागी.

नाळेच्या कडेला दोर जिथे घासतो तिथे बागेला पाणी घालायच्या पाइपाचे तुकडे चिरून चढवले, सुतळीने आवळले. दोरांचं टोक एकट्या खुंट्यावर न ठेवता मधल्या आडव्या फळीलाही घेतलं, कारण फायबरमध्ये बसवलेला खुंटा बोल्टासकट उचकटलेला मी पाहिला आहे. वरची ताडपत्री आणि तिचे पाइप उतरवले, इंजिन काढून घरी नेलं. होडीवर राहायचं का, असं मी विचारलं. आबा नुसते बघत राहिले. मी घरी गेलो.

३ जूनबद्दल काय लिहू? सकाळी आग्नेयेचा वारा आणि आडवा पाऊस. दुपारी तो दक्षिणेला आणि मग पश्चिमेला वळला, तोवर निम्मी कौलं गेली होती आणि मागच्या परसातले चार माड आडवे. वादळाचा मध्य दुपारीच आमच्या उत्तरेला, रायगडात दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आला. घरात आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. होडीची आठवणही झाली नाही, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत खाडीवर गेलो. होडी होती! पावसाच्या पाण्याने फळ्यांपर्यंत भरलेली, नाळ पश्चिमेकडे. वारा फिरला तशी तीही फिरली होती, आणि दोन्ही दोरांना एकमेकांभोवती दोन पीळ पडले होते. आग्नेयेचा दोर ढिला पडलेला, आकड्यांचा नांगर कधीच सुटला होता. सगळा भार जात्याच्या दोरावर. त्यावरचा पाइप फाटून खाली घसरला होता आणि तीन पेडांपैकी एक पूर्ण तुटलेला. आणखी तासभर वारा टिकता तर मी आज वेगळं काही लिहीत असतो. पाइप सुतळीने नको, त्यालाच भोक पाडून दोराला शिवायला हवा होता. शिवाय दोन्ही दोर एका फिरत्या कडीला जोडले असते तर पीळ पडलेच नसते. ही कडी आता माझ्याकडे आहे.

पात्यांचा नांगर निघेना. दोन दिवस ओहोटीला दोघा-तिघांनी दोर ताठ धरून बांधायचा आणि भरतीने होडी वर उचलेल तशी वाट बघायची, असं चाललं. तिसऱ्या दिवशी तो सुटला, चिखलाची पाटी घेऊन. वीज पुढे कितीतरी दिवस नव्हती. जात्याची तळी मी धुऊन परत केली. त्यावर शिंपले चिकटले नव्हते, पण आईने ती पुन्हा जात्याला बसवली नाही, तुळशीपाशी ठेवली. मेच्या अखेरीला मी ती तिथूनच उचलतो.