सहा आठवड्यांचा हिशेब

आज रक्ततपासणीचा अहवाल हाती आला. टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा आकडा, ५.८ आहे. मागच्या खेपेच्या मानाने तो बराच खाली आला असला, तरी प्रयोगशाळेने दिलेल्या मर्यादेच्या अजून वरच आहे. म्हणून डॉक्टरांनी गोळीची मात्रा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅमवर नेली आणि पुन्हा सहा आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितले. थायरॉईड मंद असल्याचे निदान झाल्यापासून माझा काळ महिन्यांनी मोजला जात नाही, तो या सहा-सहा आठवड्यांच्या टप्प्यांनी मोजला जातो, आणि या आजाराशी जुळवून घेताना मला सर्वांत जड गेले असेल, तर ते हेच.

डोकेदुखीच्या गोळीने आपल्याला तासाभरात उत्तर मिळण्याची सवय लावलेली असते. लेव्होथायरॉक्सिनचे, म्हणजे माझ्या थायरॉईडच्या गोळीचे, तसे नाही. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे नवी मात्रा शरीरात स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी तिची दखल घेऊन टीएसएचचे प्रमाण बदलते तेही सावकाशच. याचा अर्थ असा, की आज मला कसे वाटते आहे याचा आज सकाळी घेतलेल्या गोळीशी फारसा संबंध नसतो. हे कळले तेव्हापासून ‘आज गोळी राहिली म्हणून दमायला झाले’ असे मी म्हणत नाही, आणि नवी मात्रा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हुशारी वाटू लागली, तर तिच्यावरही विश्वास ठेवत नाही.

आत्यांनी आज फोनवर पुन्हा तोच प्रश्न विचारला, ‘अगं, आकडा वाढलेला म्हणजे तुझा थायरॉईड जास्तच काम करतोय ना?’ उलट आहे. माझी ग्रंथी मंद झाली आहे, म्हणून पीयूष ग्रंथी तिला कामाला लावण्यासाठी जास्त टीएसएच सोडते. हाताखालचा माणूस जागचा हलेना की साहेबाचा आवाज चढतो, तसे. साहेबाचा आवाज उतरला म्हणजे काम होऊ लागले, एवढे त्यांना पटले. पुढच्या फोनवर हा प्रश्न पुन्हा येईलच, पण त्या आठवणीने विचारतात हेही काही कमी नाही.

निदानाआधी माझ्या प्रत्येक तक्रारीला काही ना काही स्पष्टीकरण असे. थंडी वाजते, कारण मी नाजूक. आवाज घोगरा झाला, कारण मी फार बोलते. झोप पुरत नाही, कारण मी आळशी. निदानानंतर ही सगळी कारणे एका रात्रीत रद्द झाली आणि त्यांच्या जागी एकच कारण आले. केस गळले, थायरॉईड. नाव आठवले नाही, थायरॉईड. कोणावर चिडले, तरी थायरॉईडच. या सोयीचा मोह मोठा आहे, आणि माझ्या मते तोच घातक आहे, कारण एकदा सारे त्या ग्रंथीच्या खात्यावर टाकले, की दुसरे काही बिघडलेले असले तरी तिकडे कोणी पाहत नाही.

याच अहवालात त्याचा दाखला आहे. टीएसएच सुधारूनही माझा थकवा तसाच होता, म्हणून डॉक्टरांनी या वेळी फेरिटिनही तपासायला लावले होते. ते कमी निघाले, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा अपुरा आहे. वजनाचेही तसेच. थायरॉईड मंदावल्याने वाढणारे वजन सहसा थोडे असते आणि त्यातला मोठा वाटा शरीरात साठलेल्या क्षारांचा व पाण्याचा असतो. बाकीचे किलो माझ्या स्वतःच्या कर्तबगारीचे आहेत.

खरोखर त्या ग्रंथीचे काय असते, ते मी पहिल्या तपासणीत पाहिले होते. डॉक्टरांनी मला गुडघे टेकून खुर्चीवर बसवले, पावले कडेबाहेर लोंबती ठेवायला सांगितली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर लहान हातोडी मारली. पाऊल झटक्यात हलले, पण मूळ जागी परतताना रेंगाळले, जणू परत यायचे आहे हेच ते विसरले होते. त्या रेंगाळण्यावर माझ्या इच्छेचा काडीचाही ताबा नव्हता. आळशीपणाचा आरोप मी त्या दिवशी स्वतःवरून काढून घेतला.

तेव्हापासून एक पथ्य पाळते. अहवाल उघडण्यापूर्वी वहीत झोप, थंडी, पोट, त्वचा आणि उत्साह यांविषयी दोन-दोन शब्द लिहून ठेवते. आकडा आधी पाहिला, की आठवणी त्याच्या सोयीने बदलतात. आजच्या नोंदीत ‘थंडी कमी, पोट ठीक, उत्साह नाही’ असे आहे, आणि ते आकड्याला अर्धेच जुळते. मला ते अर्धेपण उपयोगी वाटते, कारण फेरिटिनचा धागा तिथूनच सापडला.

अँटी-टीपीओ ही रक्तचाचणी पुन्हा करायची का, असे मी विचारले. गरज नाही, असे उत्तर मिळाले: माझ्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर हल्ला चढवला आहे हे त्या चाचणीने एकदा सांगितले, पण मात्रा ठरते ती टीएसएचवरून. १९१२ साली हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या ग्रंथींत हा विकार वर्णिला, तेव्हा टीएसएच मोजण्याची सोय नव्हती. त्याही आधी, १८९१ साली, जॉर्ज मरे यांनी इंग्लंडमध्ये एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. पुढे तोच अर्क पोटातून घेत ती १९१९ पर्यंत जगली आणि तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. चिमूटभर गोळीची कटकट वाटते, तेव्हा मला त्या मेंढ्या आठवतात.

उद्यापासून बदल एवढाच. नवी गोळी पहाटे अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा तासाभराने. लोहाची गोळी थायरॉईडची गोळी शोषू देत नाही, म्हणून दोन्हींत किमान चार तासांचे अंतर हवे. लोहाची गोळी रात्री घेईन. बहिणीने केसांसाठी सुचवलेल्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व आहे आणि त्यामुळे टीएसएचचा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा पुढच्या तपासणीच्या निदान दोन दिवस आधी त्या थांबवायच्या आहेत. वहीत त्या तारखेच्या अलीकडे तशी खूण करून ठेवली आहे.