थंड बॉनेट

रविवार, रात्रीचे आठ

जेवण गेलं नाही. कारण विचाराल तर बॉनेटवर हात ठेवला, एवढंच.

सकाळी आम्ही पाच जण बडोद्यातल्या दांडिया बाजारात काकांकडे गेलो होतो. त्यांची विकायची प्रीमियर पद्मिनी गाडी बघायला. १९८६ ची, एकाच मालकाची. काका फाइल आणायला आत वळले आणि मी सवयीने बॉनेटवर तळहात टेकवला. विकणारे कधी कधी आधीच इंजिन गरम करून ठेवतात, मग थंड गाडीची खोड लपते. वर पाहिलं तर काका दारातच उभे.

"थंडच आहे रे," ते म्हणाले. "काल संध्याकाळपासून मुद्दाम चालू केली नाही. म्हटलं, जाणकार मंडळी येतायत, त्यांना थंड असतानाच ऐकायची असेल."

रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी चोक ओढला. दुसऱ्या सेल्फला १०८९ सीसीचं ते इंजिन खोकलं आणि मग लयीत आलं. स्टिअरिंगला लागून असलेल्या गियरच्या दांडीवर काकांची बोटं नुसती टेकलेली होती. तेवढ्यात दादाने खिशातून चुंबक काढून पत्र्यावर फिरवायला सुरुवात केली. मागच्या मडगार्डपाशी ते सुटून फरशीवर पडलं. "इथे लांबी भरलीय काका." लांबी म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, तिच्यावर चुंबक धरत नाही. काकांनीच वाकून चुंबक उचललं आणि त्याच्या हातात दिलं. रिक्षा घासली होती, हे त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या, तर आमच्यातला एक त्यांच्यासमोरच, "छेल्ला केटला?" शेवटचा भाव किती, म्हणून.

आणि घ्यायची कुणालाच नव्हती. हेच सलतंय.

फाइल कुणी उघडलीही नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. काकांनी ती २००१, २००६, २०११, २०१६ आणि २०२१ अशी पाच वेळा करून घेतलीय. पावत्या टाचणीने लावलेल्या. मीही वरवरच चाळल्या.

माझी मारुती आठशे विकली तेव्हा एक जण टायरला लाथ मारून "भंगारात जाईल" म्हणाला होता. आई गॅलरीत उभी होती. त्या गाडीतून बाबांना... ते आता नको. पण तेव्हा मी आठवडाभर धुमसत होतो, आणि आज काकांच्या अंगणात माझा हात कुठे होता?

तपासू नये असं मी म्हणत नाही. पैसे घेणाऱ्याचे जातात, त्याने चुंबक लावावं, गाडीखाली आडवंही व्हावं. पण विचारून. आणि घ्यायची नसेल तर भाव विचारूच नये, उगाच माणूस रात्रभर आकडे मांडत बसतो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्या मांडल्या होत्या, तेव्हा आम्ही हेच पाच जण हात पाठीमागे बांधून फिरलो होतो. काकांची गाडीही तेवढीच निगुतीने राखलेली आहे. आता वाटतं, झालं ते झालं. हात काही मागे घेता येणार नाही. निघताना मात्र कुणीतरी "उद्या कळवतो काका" म्हणालं होतं. कळवणारं कोणी नाही, हे मला ठाऊक आहे.

साडेनऊ

फोन केला. आमच्यातलं कुणी घेणार नाही, असं सरळ सांगितलं. बॉनेटचंही बोललो. "अरे, हात तर लावायलाच हवा," काका म्हणाले. खरंच घेणारा भेटला तर त्याला घेऊन येईन, म्हटलं. ते थोडं थांबले.

"बरं केलंस सांगितलंस. उद्याही थंडच ठेवणार होतो. आता सकाळी हिला घेऊन भाजी आणायला जाऊन येतो."