पहाटेची वही

“अहवालात माझं नाव नसलं तरी चालेल, पण पहाटेचे आकडे का गाळले?” नदीच्या पाण्याच्या तपासणीवरची आमच्या संस्थेची बैठक उठता उठता स्वयंसेवक काकांनी शांतपणे विचारलं.

आम्ही पगारी चौघं गप्प. तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून फक्त दुपारच्या नोंदी ठेवल्या होत्या. निर्णय माझाच.

त्यांनी वही पुढे सरकवली. पानं ओलाव्यानं फुगलेली, शाई फुटलेली, पण प्रत्येक नोंदीपुढे वेळ नीट लिहिलेली.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो. रात्रभर शेवाळ तो वापरतं, तयार करत नाही. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. दुपारी त्याच पाण्याचा आकडा छान दिसतो. म्हणजे आमचा तक्ता खोटा नव्हता, पण नदीच्या विरोधात गेला असता.

मला हे सगळं माहीत होतं, हेच जास्त लागलं.

अर्ज, मुदती, सादरीकरणं यांत आम्ही पगारी माणसं स्वयंसेवकांना हळूहळू नुसते मदतनीस समजू लागतो. वर्षानुवर्षं गट चालवणारी ही माणसं.

पुढचा तक्ता काका शेजारी बसून बघणार आहेत. मीच विनंती केली.

तुमच्या संस्थेत मसुद्यावरून शेवटचा हात कोणाचा फिरतो?